कापडाची वस्ती

ऋता पोतनीसने आल्हाद बक्षीला माफ केलं नव्हतं आणि करायचा तिचा इरादाही नव्हता. लोक म्हणायचे, जाऊ दे गं, किती मनात ठेवशील, तब्येतीला चांगलं नाही ते. सांगणाऱ्यांचं काय जातंय! त्यांच्या बापाने भर सभेत हात जोडले होते का? ऋताच्या बापाने जोडले होते. तेव्हापासून तिने जो डूख धरला तो धरलाच.

झालं होतं असं. दोघांनी मिळून उज्जैनला फ्रीगंजमध्ये ऑफिस उघडलं होतं, टॉवर चौकाच्या मागे, एका नमकीनवाल्याच्या माडीवर. धंदा नकाशांचा. कोणाला जमिनीचा चढउतार कळायला हवा, कोणाला पाणी कुठून कुठे वाहतं ते, कोणाला दुकान कुठल्या नाक्यावर टाकलं तर चालेल ते. जागेवर जाऊन, ड्रोन उडवून माहिती गोळा करायची, कॉम्प्युटरवर ती तपासून मांडायची आणि गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचं उत्तर नकाशात दाखवायचं. आल्हाद गोड बोलून कामं आणायचा, ऋता उन्हातान्हात फिरून ती करायची. नमकीनच्या तळणीचा वास, तिखट शेव, पेलाभर चहा आणि आल्हादची बडबड, असं मजेत चाललं होतं सगळं. तिला तो आवडायचासुद्धा, आता का खोटं बोला.

मग एका सोसायटीच्या नाल्याचं काम आलं. पावसाचं पाणी कुठे तुंबेल ते शोधून नाल्याचा उतार ठरवायचा होता. अर्धा नाला ऋताने चालून मोजला आणि टायफॉइडने आडवी पडली. आल्हाद घरी आला, डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तू आराम कर, उरलेलं मी बघतो." आणि बघितलं की त्याने! खुर्चीत बसून, ए.सी. लावून बघितलं. नाल्याजवळ फिरकला नाही. ऋताचे आकडे जिथे संपले तिथून पुढे त्याने अंदाजाने आकडे ठोकून दिले, आणि त्यावर सोसायटीने पाइप टाकले. आषाढात सगळं पाणी उलटं फिरलं. तळघरातल्या गाड्या बुडाल्या, लिफ्ट बंद पडली, लोक नुसते पिसाळले.

सोसायटीने सभा बोलावली. त्याच सोसायटीत ऋताचे वडील राहायचे, भय्यासाहेब पोतनीस, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले, मोठे टापटिपीचे गृहस्थ. ऋताचा टायफॉइड उलटला होता म्हणून ती आली नव्हती. आल्हाद उठून उभा राहिला आणि पडेल चेहरा करून म्हणाला, "फील्डचं काम ऋताकडे होतं. मी तिच्यावर विश्वास ठेवला, हाच माझा गुन्हा." एवढंच. जिभेला हाड नाही मेल्याच्या! आणि भय्यासाहेबांनी, ज्यांनी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नाही त्यांनी, उभं राहून सगळ्यांसमोर हात जोडले. म्हणाले, "पोरीकडून चूक झाली. माझ्याकडे बघून पोटात घाला."

ऋता बरी झाल्यावर घरोघर जाऊन खरं काय ते सांगत सुटली. कोण ऐकतंय? बक्षींचा आल्हाद, इतका साधा मुलगा, गणपतीत आरतीला सगळ्यांच्या पुढे! तिने भागीदारी सोडली. घरच्या पुढल्या खोलीत कॉम्प्युटर मांडून एकटीने काम सुरू केलं, पण 'नालेवाली' म्हणून तिचं नाव झालं होतं आणि ते नाव तिच्या आधी गिऱ्हाइकाकडे पोहोचायचं. भय्यासाहेबांनी महाराष्ट्र समाजात जाणं सोडलं. गुरुवारची भजनं सोडली, कोजागरी सोडली, पत्ते सोडले. संध्याकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचे आणि अंधार पडला की आत यायचे. ते बघून ऋता रोज आल्हादच्या नावाने बोटं मोडायची. तिला आल्हादचं नुकसान नको होतं. त्याची फजिती हवी होती, तीही चारचौघांत, तोंड लपवायला जागा मिळू नये अशी. बापाला एकदा ताठ मानेने समाजात जाताना बघायचं, बस.

आणि संधी आपण होऊन चालत आली.

सिंहस्थ जवळ येत होता. येणाऱ्या यात्रेकरूंसाठी मोठं यात्री निवास बांधायचं म्हणून पुण्याची एक कंपनी क्षिप्रेच्या काठाने जागा शोधत होती. कंपनीचा माणूस मंदार सबनीस. त्याला एकच गोष्ट कळायला हवी होती: काठावरची कुठली जागा रिकामी आहे, सपाट आहे, पुराच्या वर आहे. वस्ती असेल तर नको, लोकांना उठवायच्या भानगडीत कंपनीला पडायचं नव्हतं. काम मोठं होतं, सगळ्या काठाचं. पण आधी त्याने परीक्षा म्हणून भैरवगढजवळचा एक पट्टा दोघांना दिला, ऋताला आणि आल्हादला. दोघांनी वेगवेगळा सर्वे करायचा, एकाच दिवशी समोरासमोर दाखवायचा, ज्याचं पटेल त्याला पुढचं सगळं. ड्रोन एकमेकांच्या आड येऊ नयेत म्हणून दोघांना दिवसही नेमून दिले.

आल्हादचा दिवस कळला आणि ऋताच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली.

आल्हादला ती हाताच्या रेषेसारखी ओळखत होती. तो गाडीतून उतरणार नाही. ड्रोन बरोबर भर दुपारी उडवणार, कारण तेव्हा सावल्या पडत नाहीत आणि फोटो स्वच्छ येतात. फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकणार, सॉफ्टवेअर रंग आणि आकार बघून छपरं ओळखणार, छपरं मोजली की वस्ती मोजली. फोटोंवरून उंचीसुद्धा काढता येते, पण त्याला बसून दिवसभर काम करावं लागतं, आणि बसून काम करणं आल्हादच्या कुंडलीत नव्हतं. जागेवर फिरून खात्री करणं तर लांबच राहिलं.

आणि भैरवगढ म्हणजे तर छपाईचं गाव. लाकडी ठशांनी चादरी छापायच्या, रंगवायच्या, धुवायच्या आणि नदीकाठच्या मैदानात जमिनीवर पसरून वाळवायच्या. लाल, कथ्थई, गर्द निळ्या. वरून बघितलं तर, आणि सावली नसेल तर, चादर कुठली आणि पत्र्याचं रंगवलेलं छप्पर कुठलं, हे ज्याने पायाने ती जमीन तुडवली त्यालाच कळावं.

ऋता स्कूटी काढून हमीदा आपांकडे गेली. हमीदा आपा तिच्या आईच्या वेळेपासूनच्या ओळखीच्या. घरातल्या लग्नामुंजींच्या चादरी त्यांच्याकडच्या. साठी उलटलेली बाई, हात कोपरापर्यंत रंगलेले, तोंडाने फटकळ. ऋताने काय हवंय ते सांगितलं. अमुक दिवशी सगळ्या मोहल्ल्याच्या चादरी मैदानात पसरायच्या, पण रोजच्यासारख्या कशाही नाही. रांगेत. मधे गल्ली सोडून. चार-चार चादरी जोडून घराएवढा चौकोन करायचा.

"मतलब कपड़े का मोहल्ला बसाना है," आपा म्हणाल्या.

"बस, एक दोपहर के लिए."

आपांनी का म्हणून विचारलं. ऋताने सगळं सांगितलं, नाला, सभा, भय्यासाहेबांचे जोडलेले हात. आपांनी ठसा बाजूला ठेवला, रंगलेल्या हातांनी तिच्या पाठीवर थोपटायला गेल्या आणि कुर्त्याला डाग पडेल म्हणून हात आवरला.

"बाप के हाथ जुड़वाए? फिर तो बनता है," त्या म्हणाल्या. मग ठसा पुन्हा हातात घेऊन म्हणाल्या, "इससे मैदान को तो कुछ नहीं होगा ना, बेटा? कागज़ तो किसी के पास है नहीं. मेरे ददिया ससुर के ज़माने से सब यहीं सुखाते आए हैं. मैदान गया तो छपाई गई."

"काही नाही होणार, आपा. मी माझ्या नकाशात लिहिणार आहे ना, कापड वाळवायचं मैदान, वापरात आहे. मेरी ज़ुबान है."

आणि ती मनापासून बोलली होती. बोलताना डोळ्यांसमोर मात्र आल्हादचा पडलेला चेहरा होता, तेही तितकंच खरं.

त्या दिवशी ऋता सकाळपासूनच आपांच्या कारखान्याच्या मागच्या खिडकीत मोबाइलवर व्हिडिओ काढत लपून बसली. बायकांनी सकाळपासून हसत-खिदळत चादरी मांडल्या होत्या. "ये मेरा बंगला," "मेरा दो मंज़िला है," असली थट्टा चालली होती. मोठ्या रांगा, लहान रांगा, मधे सरळ रस्ता, एका टोकाला हिरव्या चादरीचा चौकोन काढून त्याला बगीचा म्हणून झालं होतं. ऊन डोक्यावर आलं तशी आल्हादची पांढरी गाडी वर रस्त्यावर येऊन थांबली. काच अर्धी खाली झाली. ड्रोन वर गेला, मैदानावरून इकडून तिकडे गुणगुणत फिरला आणि खाली आला. एवढ्या वेळात आल्हादने एक पाय म्हणून जमिनीवर टेकवला नाही. कचोरी खात होता, कागद खिडकीतून बाहेर टाकला तेवढाच काय तो त्याचा भैरवगढशी संबंध. गाडी गेल्यावर आपा पोट धरून हसल्या. ऋताही हसली, पण तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

आपल्या दिवशी तिने तिचं काम चोख केलं. ड्रोन उडवला, उंच्या काढल्या, मग चालत फिरली, दारादारात उभी राहून विचारलं, गेल्या मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. पट्ट्यात दोन जागा निघाल्या. एक भैरवगढच्या अलीकडची पडीक जमीन, जरा लहान, जरा वेडीवाकडी, पण चालण्यासारखी. दुसरं हे मैदान, मोठं, सपाट आणि पुराच्या चांगलं वर. सबनीसने रंग तीनच ठरवून दिले होते: बांधकाम, शेती, रिकामं. ऋताने चौथा रंग घातला आणि मैदानावर लिहिलं, 'वापरात.'

टॉवर चौकाजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक झाली. सबनीस होता, त्याच्या कंपनीचे दोघं-तिघं होते, आणि गावातले चार प्रतिष्ठित आणून बसवले होते, त्यात त्या सोसायटीचे चेअरमनही. ऋताने त्यांना बघितलं आणि तिला देव पावल्यासारखं झालं. याहून चांगले साक्षीदार कुठून आणणार!

आल्हाद आधी उठला. निळा ब्लेझर, हातात लेसरचा लाल ठिपका. बोलायला तर काय, पाणी घातलेल्या दुधालाही साय आणेल. त्याचा नकाशा पडद्यावर आला आणि मैदानावर भरगच्च वस्ती दिसली, ओळीने लाल-निळी छपरं.

"ही बघा सर, दाट वस्ती. बेचाळीस घरं."

"एवढी?" सबनीसने चष्मा वर केला. "आम्हाला वाटलं होतं ही जागा मोकळी असेल."

"नाही ना सर. मी स्वतः फिरलोय. अरुंद गल्ल्या आहेत, साधी एकमजली घरं, छपरं पत्र्याची, दहा-बारा फुटांची. माणसं मोठी प्रेमळ. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही."

ऋताला हसू दाबताना ठसका लागला. चादरींनी चहा पाजला म्हणे!

सबनीसने हातातल्या पेनने हवेतच काट मारली. "मग हा तुकडा गेला. आमच्या कामाचा नाही. पुढे चला. अलीकडे ही पडीक जागा दिसतेय, ती कशी आहे?"

आणि इथे ऋता थबकली.

तुकडा गेला. म्हणजे मैदान वाचलं. तिच्या चौथ्या रंगाने ते वाचलं असतं की नाही कोण जाणे, पण आल्हादच्या थापेने ते आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत वाचलं होतं. कंपनी पडीक जागा घेईल, भैरवगढकडे कोणी ढुंकून बघणार नाही. फक्त तिने मूग गिळून बसायचं होतं. स्वतःच्या नकाशातला तो चौकोन बांधकामाच्या रंगाने भरायला एक बोट पुरे होतं, लॅपटॉप मांडीवर होता, तिची पाळी यायला वेळ होता. बोट खरंच बटणावर गेलं. आपांना दिलेला शब्द तिला आठवत होता, चांगला स्पष्ट आठवत होता. नंतर तिने कोणालाही 'माझ्या लक्षातच आलं नाही' असं सांगितलं असतं तर ते साफ खोटं ठरलं असतं.

पण मग काम आल्हादला. टाळ्या आल्हादला. भय्यासाहेब गॅलरीत.

तरी कदाचित ती गप्प बसली असती. बसली असती, तेवढी ती वाईट नव्हती. पण त्या माणसाला आपलं तोंड आवरेना. चेअरमनकडे बघून तो गोडसं हसला आणि म्हणाला, "फील्ड मी हल्ली स्वतःच करतो सर. दुसऱ्यावर सोडलं की काय होतं, ते आम्ही एकदा भोगलंय. हो की नाही, काका?"

काकांनी मान डोलावली. दोघं-चौघं ऋताकडे बघून न बघितल्यासारखं करून हसले.

ऋता उभी राहिली.

"आल्हाद, चहा कोणाच्या घरी प्यायलास?"

"म्हणजे?"

"सोपं विचारतेय भई. बेचाळीस घरांतलं कुठलं घर? दाखव ना लाल ठिपक्याने."

"असं नाव कुठे लक्षात राहतं," आल्हाद म्हणाला. ठिपका पडद्यावर जरासा हलला.

"बरं, नाव राहू दे. छपरं दहा-बारा फुटांची म्हणालास. कशी मोजलीस?"

"सॉफ्टवेअरमधून. त्यात येतं सगळं."

"सर, माझा नकाशा लावू का?" असं म्हणून तिने परवानगीची वाट न बघता वायर स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. तीच जागा, दुसरा दिवस, चादरी पसरायच्या आधीची सकाळ. मैदान उघडं. तिने जमिनीच्या उंचीची रेघ काढून दाखवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत परातीसारखी सपाट. मग तिने मोबाइलमधला व्हिडिओ लावला, खिडकीतून काढलेला. बायका चादरी पसरतायत, "मेरा दो मंज़िला है" म्हणतायत, मग दुपारी वर रस्त्यावर पांढरी गाडी उभी आहे, काच अर्धी खाली आहे, कागद बाहेर पडतोय.

"ही यांची बेचाळीस घरं, सर. भैरवगढच्या चादरी. डबलबेडच्या. यांना चहा कुठल्या चादरीने पाजला तेवढं विचारून घ्या. आणि काका, नाल्यावरही हे असेच फिरले होते. गाडीतून. मी तापात पडले होते आणि उरलेला अर्धा नाला यांनी खुर्चीत बसून मोजला. माझ्या बापाने तुमच्यापुढे हात जोडले ते याच्यासाठी."

मग कंपनीचा एक जण फिस्सकन हसला आणि सगळा हॉल खदखदला. चेअरमन हसले नाहीत, ते आल्हादकडे बघत राहिले, आणि ते जास्त वाईट होतं. आल्हादचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग त्याचा रंगच गेला. लेसर हातातून पडून टेबलाखाली गेला आणि तो उचलायला वाकला तो लवकर वर येईना. ऋता ते सगळं डोळे भरून बघत होती. हा एक क्षण तिने किती वेळा मनात रंगवला होता, आणि प्रत्यक्षात तो त्याहून गोड निघाला. अंगावरून गार पाणी घेतल्यासारखं वाटलं तिला.

"वा, मॅडम!" सबनीस म्हणाला. तो पडद्याजवळ जाऊन उभा राहिला होता. आल्हादकडे त्याचं लक्षही नव्हतं. "म्हणजे ही जागा रिकामी आहे."

"रिकामी नाही. वापरात आहे. मी तसं लिहिलंय, कापड वाळवायचं..."

"हो, पण मालकी कोणाची? कागद आहे कोणाकडे?"

ऋताने पडद्यावरच्या 'वापरात' या शब्दावर बोट ठेवलं.

"मॅडम, चादर उचलली की खाली काय उरतं?"

"जमीन."

"झालं तर मग!" तो हसून म्हणाला. "एवढी सपाट, पुराच्या वर, रस्त्याला लागून. इतके दिवस हेच तर शोधतोय आम्ही. काम तुमचं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चेअरमनांनीसुद्धा.

घरी पोहोचेपर्यंत बातमी पोहोचली होती, फ्रीगंज केवढंसं ते! भय्यासाहेब दारातच उभे होते. चेअरमनांनी स्वतः फोन करून क्षमा मागितली होती. त्यांनी ऋताच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायला गेले आणि नुसतेच खाकरले. मग कपाटातून रेशमी सदरा काढला, केस विंचरले आणि म्हणाले, "गुरुवार आहे. समाजात जाऊन येतो जरा." जिन्यावरून त्यांची पावलं खाली गेली. किती दिवसांनी गेली होती ती! ऋता गॅलरीत उभी राहून त्यांना चौकापर्यंत बघत राहिली आणि तिला रडू आलं. ते रडू आनंदाचं होतं असंच म्हणायचं. निम्मं तरी होतंच.

पुढच्या आठवड्यात सबनीसचा फोन आला. सरकारदरबारी मैदानाचा अर्ज टाकायचा होता, त्यासाठी मोजून चारी कोपऱ्यांवर खुणा करून हव्या होत्या.

"सर, ती अलीकडची पडीक जागा बघा ना एकदा. खर्चही..."

"ती झाली बघून. लहान आहे."

"मग मला हे जमणार नाही. मी त्या लोकांना शब्द दिलाय."

"अहो मग आधी सांगायचं ना," सबनीस चिडला नाही, त्याचंच वाईट. "हरकत नाही, समजू शकतो मी. बक्षींना विचारतो. त्यांचा रोज फोन येतोय, एकदा संधी द्या म्हणून. नुसत्या चार खुणा तर करायच्यात, तेवढं करतील ते."

ऋताने फोन कानाला धरूनच ठेवला. समोरच्या खोलीत भय्यासाहेब आरशापुढे उभे राहून भजनाची चाल गुणगुणत होते. आल्हाद तिथे जाणार, गाडीची काच खाली करणार आणि पुन्हा गावभर सांगत फिरणार, की शेवटी काम माझ्याकडेच आलं, तिला झेपलं नाही. मैदान तर जाणारच होतं. तिने नाही म्हणून ते राहणार नव्हतं. मग त्या मेल्याला का म्हणून द्यायचं?

"नको," ती म्हणाली. "मी करते."

भैरवगढला पोहोचली तेव्हा नुकतं ऊन पडलं होतं. मैदानात चादरी पसरायला घेतल्या होत्या, रोजच्यासारख्या, वेड्यावाकड्या. ऋताच्या खांद्यावर तिपाई होती आणि बाकीच्या सामानाबरोबर पिशवीत चुना होता. हमीदा आपांनी लांबून बघितलं. त्यांना कळलेलं होतं, कंपनीची माणसं येऊन गेली होती. ऋता जवळ आली तरी त्या उठल्या नाहीत.

"आपा, मी सांगते. मी त्यांना म्हटलं होतं की..."

"वो आदमी," आपांनी तिला मधेच तोडलं. "सबके सामने मुँह उतरा उसका?"

ऋताला खोटं बोलता आलं असतं. पण त्या बाईसमोर आणखी एक खोटं बोलायची तिची हिंमत झाली नाही.

"उतरा."

"अच्छा लगा?"

ऋताने आत चाचपून बघितलं, पश्चात्ताप असेल म्हणून. होता, भरपूर होता, जिवाला टोचत होता. पण त्याच्या शेजारी आल्हादचा तो पांढरा पडलेला चेहराही होता, आणि तो अजूनही गोडच लागत होता. मेला काही केल्या कडू होईना.

"बहोत अच्छा लगा, आपा."

हमीदा आपांनी मान हलवली, भाव विचारल्यावर कळला म्हणजे हलवतात तशी. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, मैदानाकडे तोंड करून त्यांनी बायकांना हाक मारली, "उठाओ री सब, गीले ही उठा लो! मैडम को नापना है!"

बायकांनी एकेक चादर उचलून घडी न घालताच खांद्यावर टाकली. ओल्या रंगाने त्यांच्या ओढण्या भिजल्या, कोणी हसलं नाही, कोणी ऋताकडे बघितलंही नाही. बघता बघता मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडं पडलं. ऋताने डोळे पुसले, तिपाईचे पाय फाकवून जमिनीत रोवले आणि पहिल्या कोपऱ्यावर चुना टाकला.